पंधरावा अध्याय

मिरजेहून मोतीबिंदू काढून आल्यावर शालूबाईंनी जाड भिंगांचा चष्मा नाकावर चढवला आणि सगळ्यात आधी काय वाचलं असेल, तर चहाच्या पुड्याचा कागद. मग कॅलेंडर. मग भिंतीवरच्या फोटोखालचं नवऱ्याचं नाव. मास्तरांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. मलकापूरच्या शिवारातलं चार एकर रान, एक गाय, गुंडा नावाचा सालगडी आणि शास्त्राचं जाडजूड पुस्तक एवढं मागं ठेवून ते गेले होते. पोरबाळ नव्हतं.

त्या ख्रिस्ती घराची एक रीत होती. रोज दिवेलागणीला एक अध्याय वाचायचा, ओळीनं पुढचा. मास्तर आधी अध्यायाचा आकडा सांगत आणि मग वाचत. शालूबाई भिंतीला टेकून ऐकत, आणि गुरांचं वैरणपाणी उरकून गुंडा उंबऱ्याबाहेर बसे. तो काही ख्रिस्ती नव्हता, त्याचा जोतिबा त्याच्यापाशी होता. पण गोष्ट ऐकायला धर्म कशाला आडवा येतोय? बावीस वर्षांत ते अख्खं पुस्तक त्याच्या कानांवरून सहा वेळा गेलं होतं.

होय, बावीस वर्षं. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचं गाव. बहिणीच्या लग्नाला त्याचा बाप हरिबा यानं मास्तरांकडून पैसे उचलले, भाताचं खाचर लिहून दिलं आणि फेडायला म्हणून अठरा वर्षांचा पोरगा धाडला. दर पाडव्याला मास्तर गुंडाच्या हातावर विडा ठेवत, "अजून थोडं हाय रं," म्हणत, आणि नवं साल सुरू होई. बायको रंगुबाई तिकडंच डोंगरात. गुंडा यात्रेला आणि दिवाळीला जाई, तेही दिवस मोजून. आदल्या वर्षी सरकारनं वेठबिगारी मोडल्याचं रेडिओवर सांगितलं, तेव्हा शालूबाईंनी मनाशी म्हटलं होतं, आमचा गुंडा कुठं वेठबिगार आहे, आमच्याच भाकरीतली भाकरी खातोय की. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की कुणाला ऐकत नाही.

आता नजर परत आली, म्हणून मास्तरांनी फीत ठेवली होती तिथून त्यांनी स्वतः वाचायला घेतलं. संध्याकाळी अडखळायला नको म्हणून दुपारीच एकदा पुढचा अध्याय नजरेखालून घालत. मोशे लोकांना कायदा समजावून सांगतो, तो भाग चालला होता. चौदाव्यापर्यंत पानांचे कोपरे मास्तरांच्या अंगठ्यानं तपकिरी झालेले. त्यापुढचं पान मात्र कोरं करकरीत, जणू कालच छापून आलेलं.

शालूबाईंनी ते वाचलं. सातव्या वर्षी कर्जाचं येणं सोडून द्यावं. जो भाऊबंद तुझ्याकडं राबायला आला, त्यानं सहा वर्षं राबावं आणि सातव्याला मोकळं व्हावं. आणि त्याला रित्या हातानं धाडू नये, गोठ्यातलं, खळ्यातलं भरभरून द्यावं. त्यांनी पानाचा कोरा कोपरा बोटानं चाचपला. जन्मभर दुसऱ्यांना शिकवणाऱ्या त्यांच्या नवऱ्यानं सहाही खेपांना दोन पानं एकदम उलटली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची. गुंडा गेला तर या घरात कोण? पाणी कोण भरणार, धार कोण काढणार, "बाई, जेवलासा का?" असं कोण विचारणार? शालूबाईंनी तीन संध्याकाळ डोळे दुखत असल्याचं सांगून पुस्तक उघडलंच नाही. गुंडानं त्यावर रोज गुलाबपाण्याची पट्टी करून आणून दिली. चौथ्या दिवशी त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"अध्याय पंधरावा," त्या म्हणाल्या.

उंबऱ्याबाहेर गुंडाची मान वर झाली. "पंधरावा?"

"का रं?"

"न्हाई, मास्तर हितं चौदा झालं की सोळावाच म्हनायचं. दर फेऱ्याला. मला वाटलं, पंधरावा तुमच्या देवाचा खासगी आसंल."

शालूबाईंनी नुसतं वाचलं, एकही शब्द न गाळता. शेवटी ते आलं, की चाकराचा घरावर जीव जडला असेल आणि त्याला जायचंच नसेल, तर दाराच्या फळीला त्याचा कान टेकवून आरीनं टोचावा, मग तो कायमचा घरचा.

गुंडानं आपली कानाची पाळी चाचपली. "ह्यो तर सोनारानं बाराव्या दिशीच टोचलाय. आता आनि काय टोचायचं? म्या ऱ्हायलो समजा. तुमी एकल्या कशा ऱ्हाशीला?"

शालूबाईंच्या जिवात जीव आला, हे खोटं कशाला बोला. नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"रंगूला इचारलंस?" त्या म्हणाल्या.

गुंडानं नजर उंबऱ्याकडं वळवली. म्हणाला, "न्हाई."

त्या आठवड्यात दोघं एसटीनं मेढ्याला गेली. खाचर गुंडाच्या नावावर करायच्या कागदावर शालूबाईंनी सही केली. रंगुबाई कचेरीबाहेर उन्हात उभी होती. नवऱ्याला बघून तिनं सवयीनं विचारलं, "किती दिस?" गुंडानं हातातला कागद तिच्यापुढं धरला. "आता दिस मोजायचं न्हाईत, पोरी," शालूबाई म्हणाल्या, आणि ती बाई मटकन खाली बसली.

पाडव्याला सकाळी अंगणात गाय वासरासकट तयार होती. पाठीवर मावेल तेवढी जोंधळ्याची आणि गुळाची गाठोडी गुंडानं बांधून घेतली होती. उरलेलं ट्रकनं जाणार होतं. गाय घेऊन तीन दिवसांची चाल होती.

"जाऊ का, बाई?" गुंडानं विचारलं.

बावीस वर्षं तो हेच विचारत आला होता. ओढ्याला जाताना, बाजाराला जाताना, बाप वारल्याचा निरोप आला तेव्हासुद्धा. शालूबाईंच्या ओठांवर "जा" आलंच होतं. पण त्यांच्या ध्यानात आलं, आपण "जा" म्हटलं तर तो आपण सोडला म्हणून जाईल.

"मला नगंस इचारू, गुंडा," त्या म्हणाल्या.

तो तसाच उभा राहिला. कुणाला न विचारता पाऊल कसं उचलायचं, हे त्याला आठवत नसावं. गाय शेपटी हलवत होती. मग त्यानं दावं हाताला गुंडाळलं, एकदा जोरात नाक ओढलं आणि न विचारता चालायला लागला.

शालूबाईंना मोठ्यानं रडू आलं. तो मागं वळला असता, तर त्यांनी खचित त्याला थांबवलं असतं. तो वळला नाही, आणि रडता रडता त्यांना त्याचाच आनंद झाला.