छताचा शेवटचा हात

"मान खाली!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

रंगाऱ्यानं मुकाट मान खाली केली. "भिंतीतून दिसतं का गं तुला?"

"वर बघताना तुमचं खाकरणं थांबतं. कळतं मला."

जन्मभर लोकांची छतं रंगवली त्यानं, तोंडावर थेंब झेलत. 'आभाळ्या'च म्हणायचे त्याला सगळे. मग एका छताखाली डोक्यात वीज कडाडली आणि आभाळ्या जमिनीवर आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या मानेवर बोट ओढून समजावलं होतं, "पोटातल्या बाळाला इथं एक जादा रक्तवाहिनी असते. जन्माआधीच ती मिटते. यांची मिटली नाही. तिच्यावर फुगा आला, तो फुटला. तो बंद केलाय. पण आणखी एक बारका आहे, त्याला हात लावणं धोक्याचं."

"मग ती वाहिनीच बांधून टाका की," बायको म्हणाली होती.

"नाही ना बांधता येत. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या नेहमीच्या वाहिन्या यांच्या सुतासारख्या बारीक आहेत. ही बांधली, तर तो भाग उपाशी मरेल."

जी जिवावर उठली, तीच पोसत होती. मान मागे टाकायची नाही, ओझं उचलायचं नाही, जोर करायचा नाही. बाहेर जाताना बायको शेजारणीला राखण सांगून जायची. मानेची कैद काय कमी होती, म्हणून ही दुसरी!

आणि डोक्यावर स्वतःच्याच खोलीचं छत, अर्धवट. दुसऱ्याची घरं उजळताना या घराचा शेवटचा हात राहूनच गेला होता. खिडकीपासून दारापर्यंत तो मळकट पट्टा त्याला खात होता.

आज बायको बाजारात गेली तशी त्यानं खोली धुंडाळली. माळा, मोरी, दारामागं. दमून गोधडी टाकलेल्या स्टुलावर टेकला, तोच ती परतली.

"शिडी कुठाय माझी?"

"बसलाय की तिच्यावर."

त्यानं गोधडीची घडी बाजूला केली. खालच्या दोनच पायऱ्या. वरून करवतीनं सपाट.

"कापलीस?"

"तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाच."

"मान वाचवलीस. पण आभाळ्याचं काय उरलं गं?"

पिशवी ठेवून तिनं रंगाचा डबा उघडला, ब्रश लांब काठीला बांधला.

"उताणे पडा. पडून वर बघायला डॉक्टरीणबाईंनी मना केलेलं नाही. सांगा, कुठनं धरू?"

तो खाटेवर आडवा झाला. मान सरळ, डोळे छताला. "खिडकीपासून आत ये. ओली कड सुकू देऊ नकोस. अगं, घासतेस काय भांडं घासल्यासारखी!"

"हुकूम सोडायला बरं बळ येतं!"

पट्टा मिटत गेला. एक थेंब त्याच्या गालावर पडला. त्यानं पुसला नाही.

काम झाल्यावर ती स्टुलावर बसली, मान धरून. "मोडली बाई मेली."

तो मागं उभा राहिला. हलकेच मान चोळू लागला. बोटांखाली दोन्ही बाजूंना शिरा उडत होत्या, शांत, आपापल्या जागी.

"वर फार बघत जाऊ नकोस," तिच्या केसांतला पांढरा थेंब नखानं काढत तो म्हणाला.