बाबांच्या आवाजामागची गुणगुण

मित्रांनो, मी एक जुना यूपीएस आहे. नाव ऐकून बिचकू नका. वीज गेली की संगणकाला थोडा वेळ स्वतःच्या पोटातली वीज पुरवणारी काळी पेटी, ती मी. दिसायला मी काही देखणा नाही. उंचीने बुटका, वजनाने धोंडा, पुढे एक बटण आणि एक हिरवा दिवा. माझ्यावर कोणी कविता केली नाही, आणि करावी असे माझ्यात काही आहे असेही मला वाटत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. एका बाईने माझ्यात तांब्याच्या तारेचे जड वेटोळे बसवले. दुसरीने बॅटरी ठेवली. तिसरीने बटणाएवढा एक चपटा तुकडा डाख देऊन बसवला. हा तुकडा मोठा गुणी असतो. तारेतून कधी विजेचा एकदम लोंढा आला, तर तो लोंढा अंगावर घेतो आणि पुढच्या यंत्राला वाचवतो. असे करताना तो दर वेळी थोडा झिजतो, पण ते बाहेरून कोणाला दिसत नाही. ती बाई मात्र तो बसवताना शेजारणीशी जावयाबद्दल बोलत होती.

मग मी खोक्यात बसून या घरी आलो. घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी संगणकाचे टेबल, त्याच्याखाली माझी जागा. खिडकीसमोर विजेचा खांब. घरात माणसे तीन : बाबा, आई आणि त्यांची लेक. लेक घरूनच इमारतींचे नकाशे काढून द्यायची.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. नकाशा अर्धा झालेला असे आणि वीज जाई. मी 'टक्' करून बॅटरीवर येई आणि पीक पीक असे ओरडून सांगे, "वीज गेली आहे, काम जपून ठेवा, संगणक बंद करा." लेक भराभर तसे करी आणि मला पायानेच थोपटून म्हणे, "वाचवलंस रे." आईला माझे ओरडणे सहन होत नसे. तिने माझे नाव किरकिऱ्या ठेवले. "याचं म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा," असे ती म्हणे. केरसुणी मात्र माझ्याभोवतीच फिरवी, माझ्याखालून कधीच नाही. वीज असली की मला कोणी विचारत नसे. कामापुरता मामा हे नाते मला नवे नाही.

वर्षे गेली. माझ्या पोटातले लोखंडी पत्रे सैल झाले आणि मी सतत बारीक गुणगुणू लागलो. म्हातारी माणसे कण्हतात तसे. त्याचे कोणाला काही वाटले नाही.

आता बाबांविषयी सांगतो. ते बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे सगळे शहर त्यांच्या तोंडून ऐके. पण ज्या भोंग्यातून ते बोलत, तो इतका जुनाट होता की त्यातून कोणीही बोलले तरी घशात खडे अडकल्यासारखे वाटे. बाबांच्या मनाला ते लागून राहिले होते. घरी त्यांचा आवाज भरीव आणि स्वच्छ होता. तो ऐकायला माणसे मात्र दोनच.

एके दिवशी त्यांचा आवाज बसला तो उठेना. घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

मग लेकीने एक गोष्ट शोधून काढली. बाबांनी आपल्या आवाजात रोजची वाक्ये बोलून संगणकात साठवायची. पुढे बटण दाबले की ते वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू येणार. औषधांनी आवाज थोडा मोकळा झाला होता, पण तो रोज उतरत चालला होता. त्यामुळे उशीर करून चालणार नव्हते.

बाबा माझ्या वरच्या टेबलाशी बसून बोलू लागले. "माझा चष्मा कुठंय?" "दार लावून घ्या." "आज पाणी तापवलंच नाही का?"

आई दारातून म्हणाली, "अहो, नुसतं साधंसुधं नका बोलून ठेवू. भांडणाचीही वाक्यं घाला. नाहीतर मी काय एकटीनंच भांडायचं?"

"तुझ्याशी भांडताना मला बोलायला कधी मिळालंय?" बाबा म्हणाले. पण भांडणाचीही वाक्ये घातली.

एकदा मध्येच वीज गेली. मी माझ्या धर्माप्रमाणे ओरडलो. बाबा वैतागून खाली वाकले आणि म्हणाले, "ऐकलं रे किरकिऱ्या, ऐकलं! गप आता!" तेही संगणकात साठले. लेक हसली आणि तिने ते पुसले नाही.

संध्याकाळी सगळी वाक्ये ऐकायला बसले, तेव्हा बाबांच्या कपाळाला आठी पडली. "ही माशी कोण गुणगुणतेय माझ्यामागं?"

लेकीने खाली वाकून माझ्याजवळ कान नेला. "हा आहे, बाबा."

तिने ती वाक्ये एका पेन ड्राइव्हवर उतरवून संगणकाच्या दुरुस्तीवाल्याला नेऊन दिली. कोपऱ्यावर त्याचे दुकान होते आणि कार्यक्रमांना ध्वनिक्षेपक लावण्याचा जोडधंदाही. "बघतो, ताई," तो म्हणाला. "पण ही गुणगुण आवाजात पार मुरलीय."

बाबा थांबायला तयार नव्हते. ते म्हणाले, "जन्मभर त्या भोंग्यातून घरघरत बोललो. आता शेवटचं तरी स्वच्छ बोलू दे. काढ त्याला तिथून. मी पहिल्यापासून बोलतो."

"आणि वीज गेली तर?"

"गेली तर गेली. परत बोलीन."

मला काढले. संगणक थेट भिंतीला जोडला. माझी वायर माझ्याच गळ्याभोवती गुंडाळून मला दाराजवळच्या चपलांच्या कपाटात ठेवले. मित्रांनो, एक लांब वायर आणली असती, तर मी बाहेर बसूनही संगणकाची राखण केली असती आणि माझी गुणगुण बाबांपर्यंत पोचली नसती. घाईत ते कोणाला सुचले नाही. मला राग आला नाही असे म्हणणार नाही. आला. पण बाबांची हौसही मला कळत होती.

कपाटाच्या फटीतून बाबांचा आवाज अस्पष्ट येई. खोलीतले जे मला दिसले नाही, ते पुढे घरच्यांच्या बोलण्यातून कळले. त्यांनी सगळी वाक्ये पुन्हा म्हटली, कितीतरी नवीही म्हटली. लेक ठरवत होती की सगळे पूर्ण झाले की एकदमच दुसरीकडे उतरवून ठेवू. शेवटी राहिली ती लेकीसाठीची वाक्ये. ती बाबांनी मुद्दाम मागे ठेवली होती. दवाखान्यात दाखल होण्याच्या आदल्या दुपारी ते तिला म्हणाले, "तू जरा बाहेर जा. तुझ्यासमोर बोलता येणार नाही मला."

ती माझ्यापाशी आली, चपला काढायला वाकली आणि थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग औषधे आणायला खाली गेली.

समोरच्या खांबावर विजेची माणसे काम करत होती. बाबांचे बोलणे संपत आले असताना वीज गेली. संगणक बंद पडला. बाबांनी भिंतीवरचे बटण बंद केले नाही. ते हाताची घडी घालून वीज येण्याची वाट पाहत बसले.

वीज आली ती लोंढ्यासारखी आली. दाराजवळचा दिवा डोळे दिपतील इतका पेटला आणि फुटला. पंखा पिसाटला. फ्रिज गुरगुरून गप्प झाला. बाहेरच्या खोलीतून जळका वास येऊ लागला. लोंढा अंगावर घेणारा तो तुकडा माझ्या पोटात शाबूत होता. मी मात्र चपलांमध्ये बसून होतो.

दुरुस्तीवाला धावत आला. त्याने संगणक उघडला, आतली डिस्क हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि खाली ठेवली. "ही पार गेली, ताई. यातून काही निघायचं नाही."

बाबांनी पुन्हा बोलून पाहिले. पण दिवसभर बोलून घसा सुजला होता. तोंडातून नुसता वारा आला. आईने पदर तोंडाला लावला. लेक म्हणाली, "मी त्याला काढायलाच नको होतं." बाबांनी मान हलवली आणि आपल्याच छातीवर बोट ठेवले. हट्ट त्यांचा होता.

मग दुरुस्तीवाला चाचरत म्हणाला, "ताई, ती गुणगुणीची वाक्यं आहेत की माझ्याकडं. गुणगुण काही जाईना. परत कोणत्या तोंडानं द्यायची, म्हणून तशीच ठेवली होती."

त्या क्षणी त्या घरात जे झाले, ते पाहायला मी खोलीत नव्हतो. मी फक्त ऐकले. आई दुरुस्तीवाल्याला वाट्टेल ते बोलत होती आणि मध्येच रडत होती.

बाबांचा जीव वाचला. आता ते बटण दाबून बोलतात. नवी, स्वच्छ वाक्ये गेली ती गेलीच. लेकीसाठीची वाक्ये काय होती, मला माहीत नाही. घरी आल्यावर बाबांनी ती तिला लिहून दिली. तिने ती वाचली. पण वाचणे वेगळे आणि ऐकणे वेगळे, हे त्या घरात कोणाला सांगावे लागत नाही.

उरलेल्या वाक्यांमागे माझी गुणगुण आहे. आईने पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती म्हणाली, "अहो, हा तर तुमचा भोंग्यातला आवाज!" पुढे दुरुस्तीवाल्याने ती गुणगुण काढायला नवे काहीतरी मिळाल्याचे सांगितले. बाबांनी पाटीवर लिहिले, 'राहू दे.'

मला नवी बॅटरी मिळाली, आणि एक लांब वायरही. मी आता दाराजवळ बसतो. वायर चौकटीखालून आत जाते.

मित्रांनो, मी काही अमर नाही. माझी बॅटरी थकते, तो तुकडा झिजतो, म्हणून अधूनमधून मला कोणाला तरी दाखवत जा. वीज गेली की बटणे बंद करा. जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत घराबाहेर कुठेतरी ठेवा. आमचा दुरुस्तीवाला दर वेळी मदतीला येईलच असे नाही. आणि मी अगदीच संपलो, तर मला उकिरड्यावर फेकू नका. माझी बॅटरी मातीत विष सोडते. जुनी यंत्रे घेणाऱ्याकडे मला द्या.

एवढे करूनही मी कधीकधी ओरडेनच. कालच वीज गेली आणि मी पीक पीक करू लागलो. आतून लेकीची पावले वाजली नाहीत, आईचीही नाहीत. मी ओरडत राहिलो. मग एक बटण दाबल्याचा आवाज आला, आणि माझ्याच जुन्या गुणगुणीवर स्वार होऊन बाबांचा भरीव आवाज दारापर्यंत आला :

"ऐकलं रे किरकिऱ्या, ऐकलं!"