कोरड्या वाऱ्याचा भाव

ऑक्टोबरात लोर्कन टियर्नीला अर्धांगाचा झटका आला आणि त्याच्या धंद्याचं खरं भांडवल एका सकाळीत गेलं. बँकेतला पैसा होता तिथेच होता. गेला तो आवाज. लोर्कन घोड्यांच्या शर्यतींवर भाव लावणारा बुकी. आयर्लंडात लिमरिकपासून गॉलवेपर्यंत कुठल्याही गावच्या शेतात शर्यत असली आणि लोर्कननं खोक्यावर उभं राहून भाव पुकारला, की पार तिकडे चिप्सच्या गाडीपाशी रांगेत उभी असलेली माणसं माना वळवायची. आता उजवा पाय ओढत का होईना तो चालायला लागला होता, पण शब्द घशातच अडायचे. एकेक बाहेर यायला इतका वेळ लागायचा की समोरचा माणूसच कीव करून वाक्य पुरं करायचा. लोर्कनला ते झटक्याहूनही जास्त झोंबायचं.

त्याची बायको डिंपना इतकी वर्षं त्याच्या मागे स्टुलावर बसून हिशेब सांभाळायची. पुकारायचा तो, पण कुठला घोडा कितीला द्यायचा हे पुष्कळदा तीच त्याच्या कानात सांगायची. लोकांना फक्त तिचा डोक्याला बांधलेला रुमाल माहीत होता.

मार्चमध्ये फेस्टस ग्रीली सफरचंदाचा टार्ट घेऊन घरी आला. नॉकावाराच्या शर्यतीच्या मैदानात बुकींच्या पुढच्या रांगेत टियर्नींच्या शेजारची जागा त्याची. लोर्कनचा जुना दोस्त, आणि तितकाच जुना स्पर्धक. चहा पिऊन झाल्यावर त्यानं विषय काढला.

"जागा मला देऊन टाक, लोर्कन. या मोसमात एकदाही उभा राहिला नाहीस तर कमिटी ती काढूनच घेणार आहे. फुकट घालवण्यापेक्षा चार पैसे घे."

लोर्कननं खाली बघतच मान हलवली. होकाराची.

"थांबा," डिंपना म्हणाली. "ईस्टरच्या सोमवारी आम्ही उभे राहतोय."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी."

फेस्टसनं आधी लोर्कनकडे पाहिलं, मग मोठ्यानं हसला. "वहिनी, तुम्ही दुकानात पाव मागता तोसुद्धा ऐकू येत नाही हो! भाव काय चिठ्ठीवर लिहून वाटणार?"

तो गेल्यावर लोर्कननं टेबलावर मूठ आपटली. "हसं… होईल."

"होऊ दे," डिंपना म्हणाली. "तुझं नाही होणार, माझं होईल. माझं मी बघते."

पुढचे तीन आठवडे ती रोज मागच्या शेतात जाऊन मेंढ्यांपुढे भाव पुकारत होती. मेंढ्या पहिल्या दिवशी पळाल्या, नंतर चरत राहिल्या. मागे स्टुलावर बसायला कोण, हा प्रश्न लोर्कनच्या थोरल्या बहिणीनं सोडवला. अट्रॅक्टा पंचवीस वर्षं कॉन्व्हेंटात नन होती. मुलींना गणित शिकवायची. मग एक दिवस बॅग घेऊन परत आली ती आलीच. कारण तिनं कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"वन्सं, जुगाराच्या हिशेबाला बसाल? चालेल तुम्हाला?" डिंपनानं भीत भीत विचारलं.

"जुगार खेळणारे खेळतात. आपण बेरीज-वजाबाकी करायची," अट्रॅक्टा म्हणाली. "आणि फेस्टस ग्रीलीला तो दुसरीत असल्यापासून मी ओळखते. तेव्हाही दुसऱ्याच्या डब्यावर डोळा असायचा मेल्याचा."

ईस्टरच्या आधीचा सबंध आठवडा पाऊस पडला नाही. पूर्वेकडून कोरडा, बोचरा वारा वाहत होता. कुंपणांवर गॉर्सची काटेरी झुडपं पिवळी फुलली होती आणि दोरीवरचे कपडे तासाभरात वाळत होते. सोमवारी गर्दी जमायच्या आधीच डिंपना रबरी बूट घालून सगळा मार्ग चालून आली. अडथळा आला की त्याच्या पलीकडे, घोडा उडी मारून जिथे उतरतो तिथे, ती टाच रोवून बघायची. ओढ्याकाठी टाच अजून आत जात होती. पण टेकडीच्या उतारावर, जिथे शर्यतीचा निकाल लागतो तिथे, टाच आपटली की गुडघ्यापर्यंत कळ यायची.

लोर्कन गाडीतच बसून होता. काच अर्धी खाली. तिनं येऊन सांगितलं, "उतार दगड झालाय." वाऱ्याकडे तोंड करून त्यानं डोळे बारीक केले.

तिचं गणित साधं होतं. हिवाळाभर चिखलात जिंकलेले दमदार, जडशीळ घोडे वसंतातही लोकांचे लाडके असतात. लोक फेब्रुवारीच्या आठवणीवर पैसे लावतात, घोड्याला मात्र आजच्या जमिनीवर पळायचं असतं. पावसाळी जमीन आठवड्यात वाळते, माणसाची आठवण वाळायला महिना लागतो. तेवढ्या महिन्यात बुकीनं कमवायचं.

पहिल्या शर्यतीला ती खोक्यावर चढली. समोर ओळखीचे चेहरे, बघायला आलेले. तिनं तोंड उघडलं आणि आवाज मध्येच फाटला. कुणीतरी मेंढीसारखं बें-बें केलं. मागच्या शेतातली गोष्ट गावभर झाली होती तर! हशा पिकला.

"वहिनी, घसा शेका जरा!" शेजारच्या खोक्यावरून फेस्टस ओरडला. "तोवर मी आहेच!"

दोन शर्यतींत तिच्याकडे मोजकी माणसं आली. त्यातली निम्मी दयेनं. अट्रॅक्टा मागून म्हणाली, "रडू येत असेल तर आत्ताच रडून घे. मोठी शर्यत पुढची आहे."

"रडू नाही येत, वन्सं. राग येतोय."

"मग उत्तम. राग टिकाऊ असतो."

तिसरी शर्यत दिवसातली मोठी. तीत बोगमन होता. थंडीत गुडघाभर चिखलातून लागोपाठ जिंकलेला काळा, रुंद छातीचा घोडा. अर्ध्या मैदानाला त्याच्यावरच पैसे लावायचे होते. सगळ्या बुकींच्या फळ्यांवर त्याचा भाव एकाला एक, म्हणजे तो जिंकला तर लावलेल्या एकावर आणखी एक. फेस्टसनं तर त्याहूनही उतरवला.

डिंपनानं फळ्यावर आकडा बदलला. बोगमन, एकाला दीड.

पुकारायची गरजच पडली नाही. आकडा पाहिला तशी माणसं फेस्टसच्या रांगेतून तुटून तिच्याकडे धावली. नोटा पुढे येत होत्या, अट्रॅक्टा तिकिटं देत होती.

"अगं, फार होतंय," ती पुटपुटली. "हा घोडा जिंकला तर थैली रिकामी."

"तो उतारावर पाय आखडणार. घ्या तुम्ही."

आणि मग फेस्टस स्वतः खोक्यावरून उतरून आला. नोटांची जाड घडी त्यानं सगळ्यांना दिसेल अशी धरली. "बोगमन. सगळे. का एवढं झेपायचं नाही, वहिनी? नसेल तर तसं सांगा, लाजायचं काय त्यात?"

नाही म्हणायची तिला पूर्ण मुभा होती. लोर्कननं त्याला हसत परतवून लावलं असतं. तिनं मनात थैलीचा अंदाज घेतला. हे घेतलं आणि बोगमन जिंकलाच तरी सगळ्यांचे पैसे भागतील, वर थोडेसे उरतील. बास. तिला तेवढं पुरेसं होतं.

"घ्या वन्सं, भावोजींचे," ती म्हणाली. "तिकीट नीट ठेवा हं भावोजी, हरवाल."

शर्यत सुटली. बोगमन पहिल्यापासून पुढे. ओढ्याच्या बाजूनं तो एखाद्या बैलासारखा रेटत गेला आणि लोक आधीच ओरडायला लागले. पण टेकडी चढून उताराला लागताच डिंपनाला हवं ते दिसलं. कडक जमिनीवर पाय पडताच घोडा बिचकला, ढांगा आखडल्या. मागून लिनेट नावाची हलकी तांबडी घोडी वाऱ्यासारखी आली, त्याच्या बरोबरीला आली, पुढेही गेली. शेवटच्या अडथळ्यापाशी ती चांगली दोन घोडे मावतील एवढी पुढे होती.

आणि तिथे तिनं उडी जरा लवकर घेतली. पुढचे पाय कुंपणात अडकले, ती नाकावर आली. सावरली, उभी राहिली, पण जॉकी गवतात लोळत होता. मोकळी घोडी पुढे आणि तिच्या मागून धापा टाकत बोगमन, अशी दोघं निकालाच्या खांबापार झाली. स्वार पडलेली घोडी मोजत नाहीत. जिंकला बोगमन.

मैदानभर आरडाओरडा. डिंपनाला क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. अट्रॅक्टानं मागून तिच्या कोटाची शिवण घट्ट धरली, ती पडू नये म्हणून की पळू नये म्हणून, कोण जाणे.

"वन्सं, थैली पुढे आणा," ती म्हणाली. "रांग लागतेय."

एकेकाचं तिकीट घेऊन ती पैसे देत राहिली. "अभिनंदन, मिस्टर हॅलिनन. चांगला लावलात." "धन्यवाद, या पुन्हा." तिनं कुणाला ताटकळत ठेवलं नाही, तोंड वाकडं केलं नाही. सगळ्यात शेवटी फेस्टस आला. त्याला पैसे दिले तेव्हा थैलीचा तळ दिसत होता.

त्याचा आवाज आता जरा खाली आला होता. "डिंपना, ऐक माझं. घरी जा. हा खेळ तुझा नाही. माझी मागणी अजून उभी आहे. अर्थात मार्चमधली रक्कम आता नाही."

"अजून दोन शर्यती आहेत," ती म्हणाली. "तुमच्या खोक्यावर जा भावोजी, गिऱ्हाईक उभं आहे."

चौथ्या शर्यतीतही लाडका घोडा चिखलातलाच, क्वारीमास्टर. डिंपनानं पुन्हा इतरांपेक्षा वरचा भाव लावला. अट्रॅक्टानं चष्मा काढला.

"पुन्हा तेच?"

"तो जिंकला म्हणून जमीन ओली झाली का, वन्सं? उतार मघाशी होता तसाच आहे. घोडी पडली हे नशीब, ती पुढे होती हे गणित." मग तिनं फेस्टसच्या खोक्याकडे पाहिलं. "पण एक चुकलं माझं. फेस्टसचे सगळे घ्यायला नको होते. तो घोड्याचा प्रश्नच नव्हता, माझ्या नाकाचा होता. आता कुणाचेही पन्नासच्या वर घ्यायचे नाहीत. पोपचे असले तरी."

"पोप पाचच्या वर लावायचा नाही," अट्रॅक्टा म्हणाली आणि चष्मा पुसून घातला.

डिंपना खोक्यावर चढली. या वेळी तिनं लोर्कनसारखा आवाज काढायचा प्रयत्नच केला नाही. घरात जिन्याखालून हाक मारावी तसं, स्वतःच्या बारीक धारदार आवाजात, ती म्हणाली, "क्वारीमास्टर एकाला दोन! पन्नासपर्यंत!" आवाज वाऱ्यावर कापत गेला. कुणी बें-बें केलं नाही.

आणि रांग लागली. मघाशी तिच्याकडून जिंकलेलेच परत आले होते. हॅलिनन सगळ्यांत पुढे. "भाव चांगला देते," तो मागच्याला सांगत होता, "आणि हरली तरी तोंड गोड." कुणी क्वारीमास्टर लावला, कुणी दुसरे, तिच्या फळ्यावरच्या प्रत्येक घोड्यावर थोडे थोडे पैसे पडले.

क्वारीमास्टर उतारावर आला आणि हातगाडीसारखा खडखडला. एक गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. शेवटी तो चौथा आला आणि मैदानावर निराशेचा एक लांब सुस्कारा पसरला. डिंपना आनंदानं ओरडली नाही. नुसती अट्रॅक्टाकडे वळून म्हणाली, "लिहा."

पाचव्या शर्यतीत थोडं आलं, थोडं गेलं. दिवस संपला तेव्हा सकाळी आणलं होतं त्याहून थैली हलकीच होती. पण कमिटीचा माणूस वही घेऊन फिरत आला, त्यानं 'टियर्नी' या नावापुढे खूण केली आणि जाता जाता टोपीला हात लावला.

घरी जाताना गाडी डिंपना चालवत होती. मागे अट्रॅक्टा तोंड उघडं टाकून झोपली होती. बराच वेळ लोर्कन बाहेर बघत राहिला. नांगरलेली शेतं, कोकरं, कुंपणांवरचा पिवळा फुलोरा. मग त्याचा जबडा हलायला लागला. डिंपनाला कळलं की शब्द येतोय. तिला वाक्य पुरं करता आलं असतं. तिनं केलं नाही.

"दीड…" तो म्हणाला. घोट गिळला. "दीड… जास्त. सव्वा."

"सव्वाला कोण आलं असतं रे माझ्याकडे? आवाज नाही, नाव नाही. सव्वा तू लावू शकतोस. मला दीडच लावायला हवा होता."

"मग… फेस्टस… कशाला?"

"ते चुकलं. वन्संनाही सांगितलं मी तसं."

लोर्कनचा जबडा थांबला नव्हता. लाली कपाळापर्यंत चढली होती. गेल्या ऑक्टोबरापासून त्यानं तिच्याशी औषध आणि जेवण सोडून कशावर एवढी झटापट केली नव्हती.

"रविवारी," तो अखेर म्हणाला, "टिपरेरी. तिथे… सखल. पाणी… धरते जमीन."

"म्हणजे तिथे बोगमन खरंच पळेल?"

"पळेल."

"मग त्याला एकाला एकच्याही खाली ठेवते. फेस्टसला वाटू दे मी घाबरले."

लोर्कनच्या घशातून खरखरता आवाज आला. आधी तिला वाटलं त्याला ठसका लागला. तिनं गाडी हळू करून बघितलं तर तो हसत होता.

"फळा…" तो म्हणाला, "मी… धरतो."

"धर की. पण पुकारणार मीच."

त्यानं मान हलवली आणि पुढच्या वळणाला, नेहमीप्रमाणे, ती फार जोरात घेते म्हणून डॅशबोर्डला हात टेकवला.