कोपऱ्यातली सही

तिनं काचेवर तर्जनी टेकवून पुढं ओढली. रंग हलला नाही. पुन्हा ओढली, जरा दाबून. बोट कोरडंच वर आलं.

"मामा, काय केलंस याला?"

मामा खिडकीशी चहा ढवळत होता. "तू सुट्टीवर असताना येऊन वरून सुकवायचं औषध मारलं. दिवे चालू ठेवले. म्हटलं, हे चित्र काही हातचं जाऊ द्यायचं नाही."

काचेवरची, पोटात कपाटाचं दार असलेली ही बाई मामाच्याच चित्रांतली, त्याचं नाव झालं ते तिच्यामुळं. तिला पडद्यावर चालतं करायचं काम भाचीचं. काचेवर ओला रंग, वर टांगलेला कॅमेरा. एक फोटो काढायचा, बोटानं रंग केसभर सरकवायचा, पुन्हा फोटो. आधीचं चित्र मोडल्याशिवाय पुढचं होत नाही. लेकीला पाळणाघराच्या दारात रडतं सोडून तिनं या बाईचा हात पोटातल्या दारापर्यंत आणला होता. आता तो अध्येमध्येच थिजला होता. सगळा प्रसंग पहिल्यापासून करावा लागणार.

"हे चित्र नाही, पाऊल आहे. उचललंच नाही तर पुढचं पडणार कसं?"

"तुझं आपलं रोजचं पुसणं! सोन्यासारखं काम आणि त्यावर बोळा." मामानं कप काचेकडं रोखला. "रागाव खुशाल, पण ही बोटं बघ आधी. अख्ख्या जन्मात अशी बोटं उतरली नव्हती माझ्या हातून."

तिनं पाहिली. किंचित वळलेली, झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढून घेताना वळतात तशी. आणि खाली कोपऱ्यात, लाल रंगात, मामाची झोकदार सही.

"अजूनही उतरलेली नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं स्टूल पायानं संगणकापुढं ढकललं. "बस. हलताना बघितलं की गरगरतं म्हणून दरवेळी पळतोस. आज बघ."

ती एकेक फोटो पुढं सरकवू लागली. पहिली बाई मामाचीच, जाड मानेची, बोटं लाकडी खुंट्यांसारखी. मग खांद्यावर त्याचा एक निळा फटकारा.

"इथं तुझी कंबर धरली आणि तू घरी बसलास."

फटकारा विरत गेला. खांदा उतरला, मान बारीक झाली, खुंट्या हळूहळू वळल्या. ती बटण दाबत राहिली, प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जोरात. मामाच्या चहावर साय धरली.

"यात माझं काहीच उरलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

मामा उठला. काचेपाशी जाऊन त्यानं नखानं सही खरवडली, मग ओल्या फडक्यानं घासली. सही जागची हलली नाही.

"पक्की बसलीय."

"औषध चांगलं दिसतंय."

तिनं थिजलेली बाई काचेसकट उचलून त्याच्या टेबलावर आपटल्यासारखी ठेवली आणि कॅमेऱ्याखाली नवी काच सरकवली.

"ब्लेड कुठंय?" मागून मामानं विचारलं.

"जिथं असतं तिथंच." तिनं मान वर केली नाही.

खण उघडल्याचा आवाज आला, मग खरवडण्याचा. तो आवाज बराच वेळ थांबला नाही. तिनं रंगात बोट बुडवलं आणि यावेळी बाईची सुरुवात बोटांपासून केली.