एका स्क्रूवर टांगलेला भोंगा

मित्रांनो, जरा मान वर करा. छपराखाली, पन्हळीच्या शेजारी पांढरी पेटी दिसते ना, तोच मी. मी एक जुना भोंगा आहे. घरात चोर शिरला, तर साऱ्या गल्लीला हाक मारायची, हे माझे काम. माझ्या पोटात लुकलुकणारा निळा दिवा आहे. शिवाय माझी स्वतःची छोटी बॅटरी आहे, त्यामुळे कोणी बाहेरची तार कापली तरी मी बोंबलणारच. आणि माझ्या पाठीला एक इवलीशी कळ आहे. मी भिंतीला घट्ट टेकलेलो असलो की ती दाबलेली राहते. कोणी मला उचकटू लागला, की ती सुटते आणि मी ओरडतो.

कारखान्यात माझा पहिला आवाज तपासणाऱ्या बाईंनी कानांत कापूस घातला होता, तरी त्या दचकल्या. "याचा गळा चांगला आहे हो!" असे म्हणून त्यांनी मला खोक्यात ठेवले. ते कौतुक मी अजून विसरलो नाही.

मला या घरी आणले ते मावशींच्या भाच्याने. मावशी एकट्या राहत, लोकांचे कपडे शिवून देत. भाचा दूरच्या शहरात नोकरीला होता.

"अरे, एवढा भोंगा कशाला?" मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? शिलाई मशीन आणि गुडघेदुखी. गुडघेदुखी नेत असेल तर मीच दार उघडून देते."

वायरमन शिडीवरून हसला. त्याने स्वयंपाकघरात ओट्याखाली, जमिनीवरूनही हात पोचेल असे एक लाल बटण बसवले. "मावशी, हे चोरासाठी नाही, तुमच्यासाठी. पडलात, घाबरलात, तर दाबायचं. आणि महिन्यातून एकदा वाजवून बघत जा. नुसतं भिंतीवर टांगून उपयोग नाही."

मावशींनी ते मनावर घेतले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी अकराच्या ठोक्याला त्या बटण दाबत. मी पोटभर ओरडे. समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहत. ते लगेच खिडकी उघडून, शाळेतल्या मुलासारखा हात वर करून म्हणत, "ताई, हजर!" मग मावशी मला बंद करत. सात वर्षांत हा नेम एकदाही चुकला नाही. ताप असला तरी त्या उठून बटण दाबत आणि मग पुन्हा पांघरूण ओढून घेत.

एकदा खरोखरच कोणीतरी मागच्या भिंतीवरून आत उतरला. मी असा काही ओरडलो, की तो एक चप्पल टाकून पळाला. मावशींनी ती चप्पल धुऊन फाटकापाशी ठेवली. "बिचाऱ्याचा जोड मोडला, नेईल येऊन," म्हणाल्या. गल्लीभर माझे नाव झाले. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग घराला रंग द्यायचे ठरले. रंगाऱ्याने मला खाली उतरवले, भिंत रंगवली आणि पुन्हा चार स्क्रूंवर टांगले. पण भिंतीतली तीन भोके आता भुसभुशीत झाली होती. दिसायला स्क्रू चार, धरून ठेवणारा एकच. वारा सुटला की मी भिंतीपासून जरासा हलायचो, पाठीची कळ सुटायची, आणि मी ओरडायचो.

मी ओरडून सांगत होतो, "मला घट्ट बसवा!" पण मला आवाज एकच. लोकांना त्यातून "चोर! चोर!" एवढेच ऐकू यायचे.

वायरमन आला. त्याने बॅटरी बदलली. एका हाताने मला भिंतीशी दाबून धरले आणि दुसऱ्या हाताने तपासले. त्याचा तळहात टेकलेला होता तोवर कळही दाबलेली होती. मी अगदी गप्प. "झालं काम," म्हणून तो उतरला. तिसऱ्या दिवशी वारा आला. मग त्याने आतून येणारी तार बदलली, पुन्हा तळहात टेकून तपासले, पुन्हा उतरला. चार स्क्रू दिसत होते, ते त्याने हलवून पाहिले नाहीत.

गल्ली वैतागली. दूधवाला म्हणे, "मावशी, हा भोंगा पाळलाय की कोंबडा?" शेजारची सून बाळाला थोपटत अंगणात येई आणि नुसती माझ्याकडे बघे. ते बघणे जास्त लागे. मावशी दारोदार जाऊन माफी मागत. आणि पहिली तारीख आली, तेव्हा त्यांनी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. "आधीच लोकांना ताप झालाय. मुद्दाम कशाला वाजवायचं?"

सात वर्षांचा नेम असा लाजेपायी मोडला.

पुढच्या शनिवारी भाचा आला. शिडी लावून चढला आणि माझ्या आवाजाची तार त्याने उपसून काढली. दिव्याची तेवढी ठेवली. उतरून म्हणाला, "मावशी, आता नाही हं त्रास देणार हा." मावशींना वाटले, दुरुस्त झाला. वायरमनला बोलवायचे भाच्याच्या मनात होते. पण त्याला गाडी गाठायची होती, आणि तार काढल्याचे सांगायचे राहूनच गेले. पुढच्या पहिल्या तारखेलाही मावशींनी लोकांच्या लाजेने बटण दाबले नाही.

मित्रांनो, पुढचे सांगताना मला आजही अपराधी वाटते.

एका दुपारी मावशी स्टुलावर चढून डबा काढत होत्या. स्टूल कलंडले. त्या पडल्या आणि त्यांना उठता येईना. सरपटत त्यांनी ओट्याखालचे बटण गाठले आणि दाबले. आज्ञा माझ्यापर्यंत आली. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण आवाज फुटलाच नाही. निळा दिवा मात्र लुकलुकत राहिला. टळटळीत ऊन, पांढरी भिंत, कोणाला दिसणार?

समोर मास्तरांची खिडकी उघडी होती. ते वर्तमानपत्र वाचत बसले होते.

मावशींनी पुन्हा बटण दाबले. "अरे, बोल की रे," त्या मला म्हणाल्या. पुन्हा दाबले. मग "मास्तर, मास्तर" अशा हाका दिल्या, पण त्या भिंतीबाहेर गेल्या नाहीत.

ऊन उतरले तेव्हा मास्तरांच्या चष्म्यावर काहीतरी निळे लुकलुकले. त्यांनी वर पाहिले आणि तसेच अनवाणी धावत आले. एक किल्ली त्यांच्याकडे असे. पाच तास झाले होते.

"ताई, मी इथंच होतो हो, इथंच!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

जीव वाचला. पण मांडीचे हाड मोडले होते, आणि एकटीने राहण्याचे दिवस संपले. भाचा त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. जाण्याआधी त्याने वायरमनला बोलावले. वायरमनने मला हात लावला, मग हात काढला. मी हललो. पाठीची कळ टक्कन वाजली. त्याने एकेक स्क्रू बोटांनी ओढून पाहिला; तीन सहज हातात आले.

"चार दिसले, म्हणून चार धरले मी," तो म्हणाला.

"तार मी काढली," खाली शिडी धरून उभा असलेला भाचा म्हणाला.

आता मी नव्या भोकांत घट्ट बसलो आहे. गळाही परत मिळाला आहे. खाली घर मात्र रिकामे आहे. मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू उगाच कटकट करते असे वाटले, तर तिचे तोंड बंद करण्याआधी तिला एकदा हलवून बघा. आणि बंद केलेच, तर तिच्या भरवशावर बसलेल्या माणसाला तेवढे सांगा. चांगला नेम कोणाच्या लाजेपायी मोडू नका.

दर पहिल्या तारखेला, अकराच्या ठोक्याला मास्तर कुलूप उघडून आत येतात. मावशींना फोन लावतात आणि ओट्याखालचे बटण दाबतात. मी पोटभर ओरडतो. मास्तर मला बंद करतात आणि फोन कानाला लावून वाट पाहतात.

पहिल्या वेळी पलीकडून मावशींचा आवाज आला, "वाजलास रे बाबा. फार उशिरा वाजलास."