रिकाम्या पारड्यातले वजन

मित्रांनो, रिकामे असताना शून्य दाखवणे हे आमच्या जातीचे पहिले काम. मी स्वयंपाकघरातला एक जुना वजनकाटा आहे, आणि गेले काही दिवस हे पहिलेच काम मला जमेनासे झाले आहे. माझ्या पारड्यात धुळीशिवाय काहीही नाही. तरीही काटा शून्यावर नाही. माझ्या आयुष्यात असे पूर्वी एकदाच घडले होते. ते नीट समजावे म्हणून मी सारे क्रमाने सांगतो.

माझे अंग पत्र्याचे आहे. कारखान्यात दाबयंत्राच्या एका ठोक्याने त्याला आकार मिळाला, भट्टीत त्यावर पांढरा मुलामा चढला आणि मग माझ्या पोटात पोलादी स्प्रिंग बसवण्यात आली. स्प्रिंगचा स्वभाव सरळ असतो. जेवढा भार, तेवढी ती दबते. भार काढला की मूळ जागी परत येते. तिला आवडनिवड नसते, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

कारखान्यातल्या शेवटच्या टेबलाशी एक तपासनीस बसत असत. ते प्रमाण वजने चिमट्याने उचलून पारड्यात ठेवत, काटा वाचत आणि माझ्या पाठीमागचा बारीक स्क्रू फिरवून मला शून्यावर आणत. शेजारच्या सहकाऱ्याला ते एकदा म्हणाले, "भरलेला काटा कोणीही वाचतो. रिकामा वाचता आला पाहिजे." तेव्हा मला वाटले, हे केवळ स्क्रूविषयी बोलत आहेत.

दुकानाच्या फळीवरून मी एका क्रेनचालकाच्या घरी आलो. स्वयंपाकघरातल्या खिडकीशेजारी माझी जागा होती. समोर जेवणाचे टेबल, आणि खिडकीबाहेर, घरांच्या छपरांपलीकडे, लोखंडाच्या यार्डातली उंच क्रेन दिसत असे. तिच्या माथ्याजवळ एक काचेची खोली होती. त्या खोलीत बसून घरधनी पोलादाचे गठ्ठे उचली. घरात त्याच्या कामाला कोणी काम म्हणत नसे. "बाबा वर आहेत," मुलगी म्हणे. "ते खाली आले की विचार," असे त्याची पत्नी शेजारणीला सांगे. पत्नीचा धाकटा भाऊ त्याच यार्डात क्रेनखाली उभा राहून हाताने इशारे देत असे. त्या इशाऱ्यांवर वरचा माणूस माल हलवी.

ती वर्षे माझ्या मानाची होती. मी पीठ तोलले, साखर तोलली, मुरंब्याची फळे तोलली. मुलगी जन्मली तेव्हा मामाने तिला दुपट्यासकट माझ्या पारड्यात ठेवले आणि तो म्हणाला, "ताई, पीठ कमी पडलं तर ही चालेल का?" ताईने त्याच्या पाठीत लाटणे घातले, पण हसत. "काटा असावा तर असा," असे शेजारणी म्हणत. मलाही ते खरे वाटे.

पुढे क्रेनचालकाचे अंग सुटत गेले. बसून काम, शिवाय दमून आल्यावर बशीभर गोडधोड. एके दिवशी यार्डाच्या कचेरीने कळवले की क्रेनच्या शिडीला आणि आसनाला ठरावीक भार मान्य आहे. पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरले नाही, तर त्याला फाटकावर बसवण्यात येईल.

"फाटकावर बसून मी काय उचलू? चहाचा कप?" तो टेबलाशी बसून म्हणाला. कोणी हसले नाही. त्याला खालचे जग फारसे जमत नसे, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

नवराबायको दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरबाईंनी तपासून एवढेच सांगितले होते, "घाबरू नका. हलकं खा."

मित्रांनो, 'हलकं' हा शब्द दुसऱ्या कोणत्या घरात गेला असता, तर त्याचा दुसरा अर्थ लागला असता. परंतु हे घर भार उचलणाऱ्या माणसाचे होते. तो हातातली पिशवी खाली ठेवून थेट माझ्याकडे आला.

"अगं, हिशोब सरळ आहे. हुकाला जेवढं लागलं तेवढंच वर येणार. पोटात जेवढं वजन टाकीन तेवढं माझं वजन. हलकं खायचं म्हणजे काट्यावर हलकं."

"पटतंय," पत्नी म्हणाली. तिने पदार्थ एकेक करून माझ्यावर ठेवायला सुरुवात केली.

कोबीचा गड्डा ठेवला, काटा झपकन फिरला. "बाई गं, केवढा हा. नको." काकड्या जड. उकडलेले बटाटे जड. सफरचंदे जड. वाडगाभर भाज्यांचे सूप ठेवले तेव्हा माझी स्प्रिंग खोल दबली, आणि तो वाडगा तिने जणू निखारा उचलावा तसा उचलला. दही, उकडलेली अंडी, मसुराचे पातळ वरण, सारे एकामागोमाग नापास झाले. मग तिने बिस्किटांची चळत ठेवली. मी जेमतेम हललो. वेफर्सनी मला स्पर्शही केला नाही. बटर लावलेले कुरकुरीत टोस्ट पिसासारखे होते.

"हे खायचं," दोघे एकदम म्हणाले.

मामा दारातून पाहत होता. "भाऊजी, तुम्ही जेवताय की जहाज भरताय?"

"तू इशारे खाली दे. इथे नको," भाऊजी म्हणाले.

त्या संध्याकाळी पारडे पुसून झाले आणि माझ्या लक्षात आले की काटा शून्यावर आलेला नाही.

तो किंचितच पुढे होता. मला वाटले, मुलाम्यावर ओल राहिली असेल. पत्नीनेही तसेच समजून पाठीमागचा स्क्रू फिरवला. दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा पुढे सरकला होता, आणि थोडा अधिक. मला भार कळतो, मित्रांनो. दुसरे काही माझ्या हाती नाही. त्यामुळे मी एवढेच सांगू शकतो की, माझ्या पारड्यात काहीतरी बसलेले होते.

निर्जीव वस्तूचा भार एकसारखा असतो. पीठ ठेवले की पीठच राहते. हा भार मात्र अंग सावरत असे. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झुके. भर दुपारी, घर शांत असताना, खिडकीच्या काचेत माझे प्रतिबिंब पडे: पांढरा पत्रा, गोल तबकडी, वर रिकामे पारडे. आणि त्याच वेळी माझी स्प्रिंग हळूहळू दबत जाई, जसे कोणी गुडघे पोटाशी घेऊन बसावे. त्याखाली पारडे गार पडे. मुलगी एकदा पारडे पुसायला आली आणि फडके अर्ध्यात टाकून मागे सरली. "आई, इथे गार लागतं," ती म्हणाली.

"पत्रा आहे तो. गारच लागणार."

मी त्या भाराचे माप ओळखत होतो. पहिल्या दिवशी तो काकडीएवढा होता. मग सफरचंदाएवढा. नंतर, माझ्या स्प्रिंगच्या अगदी ओळखीचा, सुपाच्या वाडग्याएवढा. माझ्यावरून जे जे उतरवले गेले होते, ते उतरलेच नव्हते.

क्रेनचालक बिस्किटे खाई आणि उठे. थोड्या वेळाने परत येऊन फळीवरचा डबा उघडे. "हलकीच आहेत," तो स्वतःशी म्हणे आणि मूठभर आणखी घेई. मूठ मी तोलत असे. ती खरोखर हलकी असे. पत्नी त्याच्याकडे पाहत राही. त्याचे गाल बसत चालले होते, पट्टा मात्र पहिल्याच भोकात होता. तो जेवणाच्या टेबलाशी बसला की माझ्यावरचा भार उठून बसल्यासारखा ताठ होई, आणि तो रिकाम्या पोटी उठला की पुन्हा पसरे, आधीपेक्षा जड. पत्नी रोज स्क्रू फिरवी. शेवटी स्क्रू संपला. त्यापुढे तो फिरेना.

मग एका सकाळी पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. "अहो, बघितलंत का? आज आपोआप कमी झालंय."

स्क्रू इतका आवळलेला होता की काटा शून्याच्याही मागे जाऊन टेकला होता. पारडे खरोखर रिकामे होते. त्या घरात मी कधी भ्यालो असेन, तर त्या क्षणी. कारण भार नाहीसा होत नाही. तो कुठेतरी जातो. क्रेनचालक टोपी घालून, भिंतीला किंचित हात लावत, दाराबाहेर पडला होता. जिन्यावर त्याची पावले नेहमीपेक्षा जड वाजत होती, जणू पाठीवर कोणी बसलेले आहे.

खिडकीतून मला क्रेनची भुजा दिसत होती. पत्नी भांडी विसळत होती. भुजा वळली, थांबली. मग ज्या दिशेला जायचे नव्हते त्या दिशेला ती सावकाश वळत राहिली, आणि तिच्या टोकाला लोंबणारा पोलादाचा गठ्ठा घड्याळाच्या लंबकासारखा झोके घेऊ लागला. तो छपरांआड गेला, वर आला, पुन्हा आड गेला. खाली तिचा भाऊ उभा असणार, हे तिला आणि मला एकाच वेळी सुचले. तिच्या हातातले भांडे पाण्यात पडले. यार्डाचा भोंगा वाजला.

मामा स्वतःच्या पायांनी घरी आला. त्याने भाऊजींना दंडाला धरून आणले होते. दोघेही खुर्च्यांवर बसले.

"गठ्ठा डोक्यावरून गेला, ताई," मामा म्हणाला. "हाताने 'थांबा' दाखवत होतो. भाऊजी बघत होते. बघून दिसत नव्हतं त्यांना."

"अंधारी आली," क्रेनचालक म्हणाला. "हात माझा होता, पण माझा नव्हता. कोणीतरी माझ्या मांडीवर बसल्यासारखं वाटलं. गार." टोपी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "हात शांत होईपर्यंत मी वर जाणार नाही. मग फाटक तर फाटक."

पत्नीने मला उचलले, पिशवीत घातले आणि नवऱ्याला घेऊन ती दवाखान्यात गेली. पिशवीत माझ्यावर भार पुन्हा येऊन बसला. वाटेत तिने पिशवी दोनदा या हातातून त्या हातात घेतली.

तिने मला डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवले. "बघा बाई, आमची कसूर नाही. घास न् घास तोललाय. बिस्किटं, वेफर्स, टोस्ट. कोबी, काकडी, सूप, अंडी, सगळं बंद केलं. जड पडतं."

"जड कुणाला पडतं? पोटाला?"

"नाही. ह्याला." तिने माझ्यावर टिचकी मारली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले. त्या हसतील असे मला वाटले होते. त्या हसल्या नाहीत.

"शब्द माझा चुकला," त्या म्हणाल्या. "मी हलकं म्हटलं आणि तुम्ही तोललंत. अहो, कोबी जड असतो तो पाण्याने. काकडी, सूप, सगळं पाणी. पाणी पोटात जागा घेतं, अंगावर चढत नाही. भाज्यांचा चोथा, डाळी, अंडी, दही पोटात टिकतात, भूक लवकर परत येत नाही. साधे उकडलेले बटाटेसुद्धा. बिस्किटात काय आहे? तूप आणि साखर, पाणी काढून टाकलेली. मुठीत जेवणाएवढी ताकद, आणि पोट रिकामंच. म्हणून हात परत डब्यात जातो. मी म्हणायला हवं होतं, पोटभर खा, पण पोट कशाने भरताय ते बघा."

क्रेनचालक माझ्याकडे पाहत होता. तो हळूच म्हणाला, "काउंटरवेट."

"काय?"

"क्रेनच्या शेपटाला काँक्रीटचे ठोकळे असतात. टनावारी. तो माल नसतो, ते उचलून कुठे न्यायचं नसतं. पण ते काढले तर क्रेन तोंडावर पडेल." त्याने डोळे पुसले. "मी ठोकळे काढून ठेवले होते, बाई."

डॉक्टरबाईंनी यार्डाकडून तपासणीसाठी मुदत मागून घेतली. त्या दिवशी घरी सूप शिजले: कोबी, गाजर, मसूर, वर एक उकडलेले अंडे. मी टेबलावरच होतो. तो जेवू लागला तेव्हा माझ्यावरचा भार कडेला सरकला, जणू वाकून वाडग्यात पाहतो आहे. क्रेनचालक खात राहिला. मुलीने आणखी वाढले. शेवटी त्याने चमचा ठेवला आणि टेकून बसला. "भरलं," तो म्हणाला. किती दिवसांनी हा शब्द त्या घरात उच्चारला गेला होता.

भार त्या दिवशी उठला नाही. तो हळूहळू हलका होत गेला, सफरचंदाएवढा, काकडीएवढा, आणि रोज थोडा स्क्रू सैल करावा लागला. डब्यातली बिस्किटे नरम पडली. पट्ट्याचे भोक बदलले, मग पुन्हा बदलले. तपासणीच्या दिवशी पत्नी खिडकीशी उभी होती. मामा जिना चढून आला.

"कुठे आहेत ते?" तिने विचारले.

"वर," मामा म्हणाला.

त्यानंतर मी अनेक वर्षे शून्यावर होतो. पुढे घरात बॅटरीवर चालणारा काटा आला आणि मला कपाटावर ठेवण्यात आले. मला त्याची खंत नाही. भरल्या घरात माझ्यावर भार नसे, आणि रिकाम्या काट्याला यापेक्षा अधिक सुख माहीत नसते. तपासनिसांचे वाक्य मला उशिरा उमगले, एवढेच.

परंतु मी सुरुवातीला म्हटले तसे, काटा पुन्हा पुढे सरकला आहे. मी कपाटावरूनच घराचा कानोसा घेतला. क्रेनचालक आता म्हातारा झाला आहे, तो नुकताच पोटभर जेवून झोपला आहे. त्याची पत्नी जेवली. मुलगी दूर राहते. तिने मघाशी फोनवर सांगितले की तिचे ताट रिकामे झाले आहे आणि पोट भरले आहे. या घरात कोणीही उपाशी नाही. तरी पारडे गार पडत चालले आहे, आणि भार, सफरचंदाएवढा, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकतो आहे.

याचा अर्थ, तो इथला नाही. ही हकीकत ज्यांच्यापर्यंत पोहोचली, त्यांच्यापैकी कोणाचा तरी आहे. आरशासमोर उभे राहून कोणीतरी ताट बाजूला सारले आहे, आणि ते ताट माझ्यावर येऊन बसले आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोण जेवले नाही? उठा, आधी पोटभर जेवून या. तोवर मी काट्याकडे पाहत बसतो.