साबण खाणारी गोगलगाय

काकूने पुतणीला नावाने हाक मारली नाही. "पुढच्या कोण?" एवढंच विचारलं, खुर्चीकडे बोट दाखवलं आणि घड्याळ लावलं.

चूल वेगळी झाल्यापासून दोन्ही घरांमधून विस्तवही जात नव्हता. घर काका-काकूकडे राहिलं. ही आईबाबांबरोबर भाड्याच्या खोल्यांत आली. काकू विद्यापीठाची ग्रंथपाल. प्रयोगशाळेत जागा मागणाऱ्या विद्यार्थ्याला इंटरनेटवर नीट शोधता येतं का, हे तपासायचं काम तिचं. प्रश्न एकच असायचा, पण स्क्रीनवरची प्रत्येक हालचाल नोंदली जायची आणि मग उलटतपासणी: हेच पान का उघडलं, त्यावर विश्वास का ठेवला.

नात्यातल्यांची परीक्षा घ्यायची नाही, असा नियम होता. पुतणी गप्प राहिली, कारण नदीच्या पाण्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत एकच जागा उरली होती. परीक्षा लांबली की ती हातची जाणार. काकू का गप्प राहिली, हे मात्र तिला कळेना. त्या प्रयोगशाळेचे प्राध्यापक कोपऱ्यात चहा पीत बसले होते.

प्रश्न होता: साबणाच्या पाण्यावर जगणारी आणि ते पाणी स्वच्छ करणारी गोगलगाय खरंच असते का?

पहिलंच पान भरगच्च सापडलं. शंखाचा रंग, खाणं, अंडी, फोटो, सगळं होतं. दुसरं पान मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींचं, तिसरं सामान्यज्ञानाच्या प्रश्नांचं. तिघांचंही एकमत. ती 'असते' असं लिहिणार, तेवढ्यात तिने सवयीने फोटो मोठा केला. तिन्हीकडे तोच फोटो. बागेतली साधी गोगलगाय, खाली पांढऱ्या फरश्या आणि कडेला निळ्या माशाची एक फरशी. मासा डोकं खाली करून उभा.

हा मासा तिच्या ओळखीचा होता. काकाच्या बाथरूममध्ये गवंड्याने ती फरशी उलटी बसवली होती. काढायचं म्हटलं की काका म्हणायचा, "राहू दे गं, पाणबुड्या आहे तो." त्या माशाकडे बघत ती दात घासायला शिकली होती.

म्हणजे पान काकूनेच रचलेलं. गळ टाकला होता, आणि बाकीच्या दोन पानांनी तो दोरीसकट गिळला होता.

तिने 'नसते' असं लिहिलं आणि हात मागे घेतले.

काकूने नोंद पुन्हा चालवून पाहिली. मग प्राध्यापकांकडे वळली. "उत्तर बरोबर आहे, सर. तीच तर अडचण आहे. पान मीच टाकलंय, कोण फसतं ते बघायला. जे फसत नाहीत ते लेखक कोण ते शोधतात, प्राण्यांच्या नोंदी तपासतात. या बाईंनी काय केलं? तीन पानं उघडली, तिन्ही 'असते' म्हणाली, आणि यांनी लिहिलं 'नसते'. उत्तर बाहेरून आलंय. सरळ कॉपी आहे ही."

"तिन्हीकडे फोटो एकच आहे," ती म्हणाली. "म्हणजे साक्षीदार तीन नाहीत. एकच माणूस टोप्या बदलून आलाय."

प्राध्यापक हसले. काकूच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"त्याने फार तर शंका येईल. 'नसते' हे कशावरून ठरवलंत? सांगा ना. की तोंडात मिठाची गुळणी धरलीय?"

काकू तिच्याकडे रोखून बघत होती, आणि तिला उमगलं: आपण फोटो ओळखलाय, हे काकूला पक्कं ठाऊक आहे. गप्प बसलं तर कॉपीचा शिक्का, बोललं तर नातं लपवल्याचा. इकडे आड, तिकडे विहीर.

विहिरीत निदान काकूलाही ओढता येणार होतं.

"फरशीवरून," ती म्हणाली. "उलट्या माशावरून. तुमच्या बेसिनशेजारी आहे ती, काकू."

प्राध्यापकांनी कप खाली ठेवला. "काकू?"

"हिच्या बापाने आमच्याशी..." काकूचा आवाज चढला. "चोंबडी कुठली! लहानपणापासून जिथे तिथे नाक खुपसतेस तू!"

तुम्हीचं तू झालं, तेव्हाच सगळा निकाल लागला. पुढचे प्राध्यापकांचे प्रश्न नुसते रीत म्हणून झाले.

"ही परीक्षा रद्द," ते शेवटी म्हणाले. "कॉपीचा आरोपही. ग्रंथपालबाई, नियम मोडल्याचं मी कुलगुरूंकडे बोलणार आहे." मग तिच्याकडे वळले. "आणि तुम्ही. तोंड आधी उघडायला काय झालं होतं? नदीतल्या पाण्याचा आकडा गैरसोयीचा आला तर तोही असाच दाबून ठेवाल?"

उत्तराची वाट न बघता प्राध्यापक उठले.

"दुसऱ्या परीक्षकांकडे पुन्हा द्या परीक्षा. जागा तोवर थांबेल. त्यापुढचं वचन देत नाही."

ते गेले. दोघी उरल्या. काकूने संगणक बंद केला, वायर गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"आजच गवंडी बोलावते," ती वर न बघता म्हणाली. "उखडूनच टाकते ती फरशी. तुझ्या काकाने कितीही बोंब मारली तरी."

"उखडा," पुतणीने पिशवी खांद्याला लावली. "तिन्ही पानांवरून कोण उखडणार?"

आणि ती दार उघडंच टाकून बाहेर पडली.